जनुकाचे नाव कळले, पण रिसेप्टर पोचला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आलेला लेख वाचला. मूल उशिरा बोलणे, फिट येणे, अभ्यासात मागे पडणे या सगळ्यामागे ‘ग्लुटामेटचा अतिरेक’ असतो, तेव्हा अजिनोमोटो, चीज आणि टोमॅटो बंद करा, असा सल्ला त्यात होता. त्याच दिवशी दुपारी आमच्या गल्लीतल्या एक बाई मुद्दाम घरी आल्या. “टोमॅटो बंद करा म्हणं आजी, पेपरात आलंय,” असे सांगून गेल्या. त्यांची आपुलकी खरी आहे, त्यांच्यावर राग नाही. पण माझ्या सहा वर्षांच्या नातीला चावून खाणे जड जाते. ती ज्या थोड्या गोष्टी आवडीने खाते त्यात टोमॅटोचे सार आहे. उगाच कुणाच्या ताटातले ते निघून जाऊ नये, म्हणून लिहिते आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. नातीच्या निमित्ताने गेली काही वर्षे हा विषय जमेल तिथून वाचत आले आहे.

आधी अजिनोमोटोचे पाहू. 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्यातून हा चवीचा पदार्थ आला. टोमॅटोत, डाळीत, दुधात, आईच्या दुधातही ग्लुटामेट असते. आपण खाल्लेले बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात जे उरते त्याला मेंदूत सहज शिरता येत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ते अडवते. मेंदू आपले ग्लुटामेट स्वतः तयार करतो आणि एका चेतापेशीने दुसरीला ‘जागी हो’ सांगण्यासाठी ते वापरतो. आपल्या मेंदूतले उत्तेजनाचे बहुतेक निरोप याच रेणूने जातात. आमच्या नातीचा प्रश्न निरोप घेणाऱ्या बाजूचा आहे आणि पुरवणीतल्या लेखात त्याचा उल्लेखच नाही.

तिच्या जनुक तपासणीच्या अहवालात ‘जीआरआयएन2बी’ हे जनुक आले. ग्लुटामेटचा निरोप मिळाला की दार उघडणारे चेतापेशीवरचे प्रथिन म्हणजे रिसेप्टर. त्यातल्या एनएमडीए जातीच्या रिसेप्टरचा एक भाग या जनुकावरून बनतो. त्या भागाचे नाव ग्लूएन2बी. त्यात 1484 अमिनो आम्ले ओळीने जोडलेली असतात आणि आमच्या नातीच्या बाबतीत त्यातले एकच बदललेले आहे. मान उशिरा धरली, अंग सैल, शब्द अजून नाहीत. पण माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या की मान वळवून हसते. या जनुकातल्या बदलांचा बौद्धिक अक्षमतेशी संबंध 2010 मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. पोटातल्या बाळाच्या आणि तान्ह्या मुलाच्या मेंदूत हाच भाग जास्त असतो, पुढे वाढीबरोबर त्याचाच भाऊबंद ग्लूएन2ए वाढत जातो. म्हणजे घडण चालू असतानाच्या काळातच हा बिघाड बसतो.

अहवाल हाती आल्यावर घरात एकच प्रश्न होता: हा रिसेप्टर खराब आहे म्हणजे नेमके काय? तो कमी काम करतो, जास्त करतो, की कामावर पोचतच नाही? अहवालात याचे उत्तर नव्हते. जनुक वाचणाऱ्या तपासणीतून ते मिळतही नाही.

शाळेत पेशी शिकवताना मी आंतर्द्रव्यजालिका (पेशीत अशी प्रथिने घडतात ती जागा) आणि गॉल्गी संकुल (तिथून ती पुढे पाठवली जातात ती जागा) फळ्यावर काढून दाखवत असे. मुले नावे पाठ करत आणि परीक्षेत लिहीत. त्याच दोन जागांवर किती मुलांचे नशीब ठरते, हे मला आता समजते आहे. रिसेप्टर तयार होतो चेतापेशीच्या केंद्रकाजवळ. त्याचे काम असते ते पेशीच्या फांदीच्या टोकाला, दुसऱ्या चेतापेशीला ती जिथे भिडते त्या सिनॅप्सवर. आपल्याकडच्या माणसाला हे गुळावरून पटकन समजेल. गुऱ्हाळात गुळाचा रवा उत्तम उतरला म्हणून शेतकऱ्याच्या हाती पैसे येत नाहीत. तो गाडीत चढला पाहिजे, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात उतरला पाहिजे आणि सौद्याला लागला पाहिजे.

पेशीत हा प्रवास असा चालतो. ग्लूएन1 चे दोन आणि ग्लूएन2 चे (2ए, 2बी हे त्याचेच प्रकार) दोन असे चार भाग आंतर्द्रव्यजालिकेत एकत्र जुळतात. ग्लूएन1 च्या काही रूपांच्या शेपटीवर ‘इथेच थांब’ अशी एक खूण असते. चारही भाग नीट जुळले की ती झाकली जाते आणि मगच रिसेप्टर सुटतो. घडी चुकलेला माल तिथेच अडवला जातो आणि पुढे मोडीत काढला जातो. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही की, रिसेप्टरला ग्लुटामेट धरता येते की नाही, याचा अंदाजही पेशी बहुधा आतच घेते. ग्लुटामेट धरण्याच्या खाचेत बदल असलेले काही रिसेप्टर आतच अडकून राहतात. तिथून सुटल्यावर गॉल्गी संकुलात त्यांच्यावर साखरेच्या साखळ्यांची आणखी जुळवाजुळव होते. पुढे पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांवरून त्यांना वाहून नेणारी प्रथिने असतात. ग्लूएन2बी असलेल्या पिशव्या केआयएफ17 नावाचे प्रथिन वाहते, हे जपानमधल्या नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने 2000 साली दाखवले. टोकाला पोचल्यावर पीएसडी-95 सारखी प्रथिने रिसेप्टरला जागेवर धरून ठेवतात. तिथेही तो कायमचा बसत नाही. पेशी त्याला आत ओढते, पुन्हा वर आणते किंवा मोडून टाकते, आणि हे आयुष्यभर चालू राहते.

आता या वाटेवर एक अमिनो आम्ल बदलले, तर कुठे काय होईल ते बघा. घडी बिघडली तर रिसेप्टर आतच अडकेल. जुळणीच्या जागी बदल असेल तर चौकडीच बनणार नाही. शेपूट अर्धी तुटली असेल तर तो पृष्ठभागावर येईल पण सिनॅप्सवर टिकणार नाही. आत ओढण्याची खूण बिघडली तर तो नको तितका वेळ वर राहील. पाचवी शक्यता अशी की तो वेळेवर पोचतो, पण त्याचे दार नीट उघडत नाही किंवा बंद होत नाही. अशा पाच वेगवेगळ्या मुलांच्या अहवालांवर मात्र नावापुढे एकच जनुक लिहिलेले असेल.

आणि रिसेप्टरचे जनुक निर्दोष असूनही माल पोचत नाही, असेही घडते. स्टारगेझर नावाच्या उंदरांची एक जात आहे. ते मान वर करून आकाशाकडे बघितल्यासारखे डोके हलवत राहतात, तोल जातो, झटके येतात. त्यांच्यातले दोषी जनुक 1998 मध्ये सापडले. त्यावरून बनणारे प्रथिन एएमपीए या दुसऱ्या जातीच्या ग्लुटामेट रिसेप्टरला पृष्ठभागावर आणण्याचे काम करते, हे 2000 मध्ये स्पष्ट झाले. उंदराचे रिसेप्टर धडधाकट होते, आणणारा नव्हता. आपली आठवण पक्की होते तेव्हाही हीच ने-आण चाललेली असते. 1973 मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवून दिले की, सिनॅप्स वापराने बळकट होते. पुढच्या काळात कळले की त्या बळकटीचा मोठा भाग म्हणजे त्या जागी जास्त एएमपीए रिसेप्टर आणून बसवणे.

हा सगळा तपशील पुस्तकी वाटेल, पण आमच्या घरात तो औषधाच्या चिठ्ठीपर्यंत येऊन ठेपला. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी अहवालावरचे जनुकाचे नाव पाहिले आणि “या जनुकावर हे देतात” म्हणून मेमँटीनची गोळी लिहिली. ही गोळी आपल्याकडे अल्झायमरच्या रुग्णांना देतात. ती एनएमडीए रिसेप्टरचे दार अडवते. तिला आधार आहे, नाही असे नाही. 2014 मध्ये ग्लूएन2ए मधल्या अशा एका बदलाचे वर्णन झाले, ज्यामुळे रिसेप्टर प्रमाणाबाहेर काम करत होता. इतर औषधांना न जुमानणारे त्या मुलाचे झटके मेमँटीनने कमी झाले. पण ज्या मुलाचे अर्धे रिसेप्टर पृष्ठभागावर पोचतच नाहीत, त्याच्या उरलेल्या रिसेप्टरांचे दार अडवून काय साधायचे? मी तिथेच हा प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही. आमच्या इथल्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र शांतपणे ऐकून घेतले, आणखी एका मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घेतले आणि तूर्त ती गोळी नको असे ठरवले.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी 2019 मध्ये ग्लूएन2बी च्या 553 व्या जागी बदल असलेल्या एका बालरुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आधी तो बदल पेशीत घालून पाहिला, त्याने रिसेप्टरचे काम घटते हे मोजले, आणि मगच एल-सेरीन हे साधे अमिनो आम्ल आहारातून दिले. शरीरात त्यापासून डी-सेरीन बनते, जे रिसेप्टर उघडायला मदत करते. त्या रुग्णात सुधारणा दिसली. एका रुग्णावरून सगळ्यांना ते द्यावे असे मी मुळीच म्हणत नाही, आणि हे वाचून कुणी दुकानातून काही आणून मुलाला देऊ नये. त्यांनी ज्या क्रमाने काम केले, तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी मोजले आणि नंतर दिले.

मधेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुणी छापत नाही. नातीचे निदान व्हायच्या आधी माझ्या मुलीने फार ऐकून घेतले. ग्रहणात भाजी चिरली असशील, गरोदरपणी गाडीवर फिरलीस, माहेरच्या कुणाचे तरी आले असेल. जोतिबाला नवस बोलून झाले. मग आई-बाप दोघांचे रक्त तपासले, तर हा बदल दोघांतही नव्हता. तो नातीतच नव्याने आला होता. प्रत्येक जन्मणाऱ्या मुलात साधारण 60 ते 70 असे नवे बदल असतात, तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात, क्वचित एखादा अशा जागी पडतो. जीआरआयएन2बी मधले आजारकारक बदल बहुतेक वेळा असे नवेच असतात. नव्या बदलांपैकी बरेचसे वडिलांच्या बीजातून येतात, पण त्यातही कुणाची चूक नसते. बीजपेशी तयार होताना अब्जावधी अक्षरांची नक्कल होते आणि एखादे अक्षर चुकते. पुढच्या बाळंतपणात तोच बदल पुन्हा येण्याची शक्यता अगदी थोडी असते, पण शून्य नसते. तेवढ्यासाठी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा. ज्या घरात आज एखादी सून मान खाली घालून बसली असेल, तिथे हा परिच्छेद मोठ्याने वाचला जावा अशी माझी इच्छा आहे.

माझी मागणी कोल्हापुरातल्या दोन संस्थांकडे आहे: शिवाजी विद्यापीठ आणि छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाशी जोडलेले आपले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बदललेला रिसेप्टर पृष्ठभागावर येतो की नाही, हे तपासण्याची पद्धत जगभर रुळलेली आहे. बदललेले जनुक एचईके-293 नावाच्या, मूळ मूत्रपिंडापासून आलेल्या आणि प्रयोगशाळेत वाढणाऱ्या मानवी पेशींत ग्लूएन1 च्या जनुकाबरोबर घालतात. रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाला एक ओळखखूण जोडलेली असते. पेशीचे आवरण शाबूत ठेवून त्या खुणेला चिकटणारे एका रंगाचे प्रतिपिंड लावले की फक्त वर आलेले रिसेप्टर चमकतात. मग आवरणाला छिद्रे पाडून दुसऱ्या रंगाचे लावले की आतले अडकलेलेही दिसतात. दोन्हींचे प्रमाण काढायचे आणि निरोगी रिसेप्टरच्या प्रमाणाशी ताडून पाहायचे. एक काळजी घ्यावी लागते. हे रिसेप्टर बसवलेल्या पेशीत कॅल्शियम इतके शिरते की ती मरते, म्हणून ती वाढवताना द्रावात रिसेप्टर अडवणारे औषध घालून ठेवतात. दार किती उघडते हे मोजायचे तर झेनोपस जातीच्या बेडकाच्या अंड्यात तोच रिसेप्टर बनवून विद्युतप्रवाह मोजतात.

मूत्रपिंडापासून आलेल्या पेशीवरून चेतापेशीच्या लांब फांदीतला प्रवास समजणार नाही, हे खरे. त्यासाठी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूच्या आठवणीशी निगडित भागातल्या) पेशी वाढवाव्या लागतात आणि तसे काम पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या संस्थांनीच करावे. पण ‘वर आला की नाही’ एवढी पहिली चाळणी विद्यापीठाच्या जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि प्राणिशास्त्र विभागांना एकत्र येऊन उभी करता येईल. दरवर्षी एमएस्सीची मुले प्रकल्प करतात. त्यांतले कितीतरी अशा विषयांवर असतात ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक असते. त्याऐवजी एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपल्याच जिल्ह्यातल्या एका लेकराचा बदल द्या. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात दुर्मीळ जनुकीय बदलांची अशी कार्यचाचणी करणारे केंद्र आहे. जर्मनीत लाइपझिगला या जनुकांच्या रुग्णांची नोंदवही ठेवली जाते. त्यांच्याशी बोलून पद्धत जशीच्या तशी घेता येईल. मुले शोधण्याची सोयही सरकारने करून ठेवली आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. वाढीतला विलंब त्यात पाहिला जातो. तिथून जनुक तपासणीपर्यंत आणि तिथून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपर्यंत कागद पोचावा, एवढीच कडी जोडायची आहे. पालकांची लेखी संमती आणि नाव गुप्त ठेवणे अर्थातच आले.

एवढे करून औषध आहे का, असे कुणी विचारेल. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आजारात सर्वांत नेहमीचा बदल असा आहे की प्रथिनाची घडी चुकते आणि ते आंतर्द्रव्यजालिकेतच अडकते. हे नेमके कळले होते, म्हणूनच घडी सावरून प्रथिनाला पृष्ठभागावर आणणारी औषधे शोधता आली. 2015 मध्ये अमेरिकेत पहिले मिश्रण मंजूर झाले आणि 2019 मध्ये त्याहून बरेच प्रभावी आले. एनएमडीए रिसेप्टरसाठी असे मंजूर औषध आज नाही. ते येईल तेव्हा कोणत्या मुलाला द्यायचे हे सांगायला मात्र त्या मुलाचा रिसेप्टर कुठे अडकतो याची नोंद हवी. आमच्या नातीचा बदल अजून कुणी पेशीत घालून पाहिलेला नाही. अशी नोंद नसलेली मुले फक्त आमच्या घरात नाहीत. तपासणीच्या रांगेत बसले की शेजारच्या आईच्या फायलीत तसाच कागद दिसतो.

त्या आईसाठी शेवटचे थोडे. जनुक अहवालात पाच वर्ग असतात. 2015 मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार ‘नक्की आजारकारक’ पासून ‘नक्की निरुपद्रवी’ पर्यंत ते लावले जातात आणि मधला वर्ग असतो ‘अनिश्चित महत्त्वाचा’. तुमच्या कागदावर हा मधला वर्ग असेल तर त्याचा अर्थ मूल निरोगी आहे असाही नाही आणि आजार पक्का झाला असाही नाही. आमच्या अहवालावरही आधी तेच होते. आई-वडिलांच्या तपासणीनंतर ते ‘बहुधा आजारकारक’ झाले. त्यामुळे तिघांची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. 10,000 भारतीयांच्या जनुकांची माहिती जीनोम इंडिया प्रकल्पाने गोळा केली असून जानेवारी 2025 मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली. आपल्या लोकांत एखादा बदल सर्रास आढळतो का, हे आता पूर्वीपेक्षा नीट पाहता येते. म्हणून जुना अहवाल तसाच ठेवून देऊ नका. दर एक-दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेला पत्र किंवा मेल पाठवून पुन्हा अर्थ लावून मागा. रक्त पुन्हा द्यावे लागेलच असे नाही, कारण वाचलेली अक्षरे बहुधा त्यांच्याकडे असतात. आणि फायलीच्या पहिल्या पानावर, मुलाच्या नावाखाली, जनुकाच्या नावाबरोबर बदलाची पूर्ण खूण लिहून ठेवा: कोणत्या क्रमांकाच्या जागी कोणते अमिनो आम्ल जाऊन कोणते आले. पुढच्या डॉक्टरांना आधी ती खूण दाखवा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नातीच्या खासगीपणासाठी नाव छापू नये, ही विनंती.)